शंभर टक्के वाचलेलं पुस्तक

वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे ज्याने सगळी नोकरी काढली, त्या माणसाने स्वतः कधी तक्रार करायला जाऊ नये. का, तेच सांगायला बसलोय.

या माणसाला सगळे मीटरसाहेब म्हणतात. ऑफिसात म्हणतात, बिल्डिंगमध्ये म्हणतात, आणि बायको रागावली की तीही म्हणते. जास्त बिल आलं म्हणून तणतणत आलेल्या माणसाला थंड करून परत पाठवणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मीटर चुकत नाही." समोरचा म्हणाला की अहो, आम्ही महिनाभर घरीच नव्हतो, तर साहेब चष्म्यावरून बघत शांतपणे विचारायचे, "तुम्ही नव्हता. पण फ्रिज होता ना घरी?" माणसं फ्रिजला शिव्या देत घरी जायची आणि साहेब पुढचा नंबर पुकारायचे.

तर अशा माणसाने एक पुस्तक विकत घेतलं. कागदाचं नव्हे, मोबाइलवरचं. ऑफिसातल्या कॅशियरबाई त्या पुस्तकावरून जीव ओवाळून टाकायच्या बाकी होत्या. "साहेब, वाचाच. प्रेम आहे, खून आहे, झोप उडते." साहेबांची झोप तशीही दाढदुखीने उडालेली होती. शिवाय प्रेम आणि खून एकाच किमतीत मिळतोय म्हटल्यावर त्यांच्यातला काटकसरी माणूस जागा झाला. दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघताना त्यांनी ते शोधून काढलं. नाव होतं 'मिठीतला मारेकरी'. मुखपृष्ठावर केस उडत असलेली एक बाई आणि शर्ट फाटलेला एक पाठमोरा पुरुष. शेजारी एक आजीबाई गालाला रुमाल लावून बसल्या होत्या, म्हणून साहेबांनी मोबाइल जरा तिरपा धरला.

पहिली काही पानं फुकट होती. आता फुकट म्हटलं की माणूस निर्धास्त असतो, आणि सगळे घोटाळे तिथेच होतात. वादळ, एकाकी बंगला, बंद पडलेला फोन, घरात एकटी नायिका. दारावर थाप पडते. ती थरथरत्या हाताने कडी काढते. दार उघडतं आणि समोर उभा असतो तो... इथे फुकटचं संपलं. पुढे वाचण्यासाठी विकत घ्या, असं एक पिवळं बटण आलं. आणि नेमकं तेव्हाच आतून साहेबांना बोलावणं आलं. पुढे बराच वेळ साहेब त्या खुर्चीत आ वासून पडले होते, डॉक्टर दाढ कोरत होते आणि साहेबांच्या डोक्यात एकच प्रश्न होता, दारात कोण? बाहेर आले तेव्हा अर्धा जबडा बधिर होता. डोकंही थोडं बधिर असावं, नाहीतर किंमत न बघता बटण दाबणाऱ्यातले ते नव्हेत.

किंमत नंतर कळली. त्या पैशात चांगल्या चामड्याच्या चपला आल्या असत्या, आणि चपला निदान दोन वर्षं पुरल्या असत्या. साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि पान उलटलं. दारात कुरिअरवाला होता. त्याने पाकीट दिलं, सही घेतली आणि तो गेला.

साहेबांना वाटलं, असू दे, पुढे रंगेल. पुढे नायक आला. त्याचे डोळे पोलादी होते. पुढच्या पानावरही पोलादीच होते. नायिका त्यांच्याकडे बघून थरथरली, मग जिना चढताना थरथरली, मग पाणी पितानाही थरथरली, तेव्हा साहेबांना वाटलं हिला एकदा डॉक्टरकडे न्या. त्यात एका पानावर ओळी किती, तर मोजून आठ. बाकी सगळा कागद कोरा, आणि तो कागदही नाहीच. माप हा साहेबांच्या जिव्हाळ्याचा विषय. मापात मारलेलं त्यांना खपत नाही. दोन प्रकरणं कशीबशी उरकून त्यांनी पुस्तक बंद केलं, आठवडाभर मनात धुमसले आणि मग घरात जाहीर केलं, "मी पैसे परत मागणार."

"कसलं पुस्तक?" बायकोने विचारलं.

"असंच. व्यवस्थापनावरचं."

लेकीने त्यांच्या मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, व्यवस्थापनाचा शर्ट फाटलाय."

साहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि कंपनीला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, असं एक यंत्र त्यांना बराच वेळ सांगत राहिलं. मग एक मुलगी बोलायला आली. आवाजात साखर, पण ठाम. तिने नोंद बघितली आणि म्हणाली, "सर, पुस्तक न आवडल्यास पैसे परत मिळतात. पण आपण हे पुस्तक शंभर टक्के वाचलेलं आहे. पूर्ण वाचलेल्या पुस्तकाचे पैसे आम्हाला परत देता येत नाहीत."

"मी दोनच प्रकरणं वाचलीत."

"नोंद शंभर टक्के दाखवते, सर."

"नोंद चुकली असेल."

"सर, नोंद चुकत नाही."

हे वाक्य साहेबांनी कुठेतरी ऐकलेलं होतं. "अहो पण," त्यांचा आवाज जरा चिरकला, "मी खरंच नाही वाचलं हो."

"आपण नसेल वाचलं, सर," मुलगी मायेने म्हणाली, "पण घरात आणखी कुणी आहे ना?"

साहेबांच्या आजवरच्या सगळ्या ग्राहकांनी एकदम टाळ्या वाजवल्या असत्या, असा तो क्षण होता. सुदैवाने तिथे कुणी ग्राहक नव्हता. पण बाल्कनीच्या पलीकडे कलमकाका होते.

कलमकाका म्हणजे शेजारचे निवृत्त बँकवाले. बँकेच्या कायदे विभागात असल्यामुळे कुठल्याही गोष्टीत त्यांना आधी कलम दिसतं. लिफ्ट बंद पडली तरी ते पायऱ्या चढत नाहीत, कलम सांगत खाली उभे राहतात. निवृत्तीपासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. साहेबांची कहाणी ऐकली आणि काकांच्या चेहऱ्यावर लग्नघरासारखं तेज आलं.

"हा एकट्या तुमचा प्रश्न नाही," काका म्हणाले. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"काका, पैसे मिळाले तरी पुरे."

"पैसे दुय्यम."

साहेबांच्या मते पैसे मुळीच दुय्यम नव्हते, पण वयाने मोठ्या माणसाला तोडायचं कसं. काकांनी तिथल्या तिथे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला खरमरीत मेल लिहिला. 'मी अथवा माझ्या घरातील कोणत्याही व्यक्तीने सदर पुस्तक वाचलेले नाही, हे मी जबाबदारीने नमूद करतो,' असं एक वाक्य त्यांनी ठळक अक्षरांत घातलं. साहेबांनी खाली नाव टाकलं. कंपनीचं उत्तर आलं की मोबाइलवरून समोरासमोर सुनावणी घेऊ. काकांनी ही बातमी लिफ्टपासून गच्चीपर्यंत पोचवली. मग काय विचारता, जो तो सल्ला द्यायला लागला. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, सरळ सांगा मोबाइल चोरीला गेला होता. सेक्रेटरी म्हणाले, मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवा, माझा तसाच सुधारला होता. तो पाण्यात पडला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

सगळं ठीक. पण एक प्रश्न साहेबांना खात होता. घरात वाचलं कुणी?

खातं त्यांचं, पण घरातल्या सगळ्या मोबाइलवर तेच चालायचं. एकाने घेतलेलं पुस्तक सगळ्यांकडे उतरायचं. हे साहेबांना लेकीने आता सांगितलं. पुस्तक घेतानाच सांगितलं असतं तर त्यांनी तो शर्ट फाटलेला पुरुष बायकोच्या, लेकीच्या आणि वडिलांच्या पडद्यावर धाडला नसता. आणि गंमत अशी की वाचणारा थांबला नव्हता. साहेबांनी पुस्तक उघडलं की ते नव्याच पानावर उघडायचं. सकाळी नायिका तळघरात, संध्याकाळी बघावं तर होडीत. कुणीतरी शंभर टक्के वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचत होतं.

"तू वाचतेस का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी वाचलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. लपवाछपवी तुम्ही केलीत. व्यवस्थापन म्हणे."

लेकीला विचारायची सोय नव्हती. तिने आधीच सांगितलं होतं, की असली पुस्तकं तिच्या वयाची माणसं वाचत नाहीत, बाबांच्या वयाची वाचतात. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. मग मात्र त्यांनी आपली विद्या बाहेर काढली.

वीज कुठे गळतेय हे शोधायची एक साधी रीत असते. घरातली सगळी बटणं बंद करायची आणि मीटरकडे बघत बसायचं. फिरायचं थांबलं तर ठीक. नाही थांबलं, तर जे चालू राहिलं असेल तिथे चोर. रविवारी सकाळी साहेबांनी बायकोचा मोबाइल मागून घेतला, लेकीचा जवळजवळ हिसकावून घेतला, दोन्ही बंद करून शर्टाच्या खिशांत घातले आणि आपला मोबाइल समोर ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसले. बायको समोर भाजी निवडत होती आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघून मान हलवत होती. लेक सोफ्यावर छताकडे बघत पडली होती. मोबाइल हातात नसताना माणसाने करायचं काय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

साहेबांनी पुस्तक उघडलं. नायिका होडीतून उतरली होती. बंद केलं, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा उघडलं. नायिका टेकडीवर पोचली होती.

मीटर फिरत होतं.

चालू राहिलं होतं एकच यंत्र. आतल्या खोलीत, पेपर मोठ्या अक्षरांत वाचता यावा म्हणून अण्णांना दिलेला जुना टॅब.

नाही, नाही, साहेब मनाशी म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. सगळी हयात शाळेत मास्तर, शेवटी हेडमास्तर. वर्गात पुस्तकाच्या आत कादंबरी लपवून वाचणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं, आणि त्यात एकदा स्वतःच्या मुलाचाही नंबर लागला होता. कादंबरी म्हणजे रिकाम्या डोक्याचा उद्योग, असं त्यांचं मत होतं आणि ते मागितल्याशिवायही मिळायचं. ते वाचायचे थोरामोठ्यांची चरित्रं. त्यातही थोर माणूस प्रेमात पडला की ती पानं उलटायचे.

साहेब चवड्यांवर चालत अण्णांच्या दाराशी गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून त्यांनी बघितलं. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. टॅब मांडीवर, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. मधेच त्यांनी मान वर केली, खिडकीबाहेर बघितलं आणि स्वतःशी हसले.

साहेबांना एकदम भरून आलं. आई गेल्यापासून त्यांनी हा चेहरा पाहिला नव्हता. गोळी घेतलीत का, घेतली. दिवा घालवू का, घालव. दोन वर्षं बापलेकांचं बोलणं याच्यापुढे गेलं नव्हतं. वाईट वाटायचं, पण काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि मग ऑफिसला उशीर होतोय असं म्हणून साहेब सुटका करून घ्यायचे. आज ते दारातून तसेच मागे फिरले, दोघींचे मोबाइल परत दिले आणि बायकोला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं.

बायकोने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मागे घ्या ती तक्रार. आजच्या आज."

"घेतोच."

"पैसे परत दिले तर ते लोक पुस्तक काढून घेतील. आणि चारचौघांत अण्णांचं नाव निघालं तर ते आठवडाभर जेवायचे नाहीत. ओळखते मी त्यांना."

साहेबांनी कंपनीला फोन केला. तीच साखरेची मुलगी. "सर, सुनावणीची तारीख पडलेली आहे. आता तक्रार मागे घ्यायची असेल तर सुनावणीला हजर राहून, कारण सांगून मागे घ्यावी लागेल."

"कारण काहीच नाही. असंच."

"असंच हे कारण आमच्या यादीत नाही, सर. आणि तक्रार खोटी होती असं ठरलं तर आपलं खातं बंद होऊ शकतं. त्यातली सगळी पुस्तकं जातील."

म्हणजे तक्रार लढवली तरी पुस्तक जाणार आणि सोडली तरी जाणार. साहेबांनी डोक्याला हात लावला. आपल्या खिडकीसमोर माणसं का रडकुंडीला येतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते कलमकाकांकडे गेले, पण काकांनी इस्त्रीचा कोट काढून ठेवला होता. "आता माघार?" काका म्हणाले. "अहो, मी रात्र रात्र जागून मुद्दे काढलेत." काकांच्या डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटल्यामुळे साहेब घरी आले.

सुनावणी शनिवारी दुपारी ठरली. लेकीने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. कलमकाका कोट घालून मधोमध बसले. अण्णांना फिरायला पाठवायचा बेत होता, पण अण्णा म्हणाले, "एवढ्या उन्हात मी कशाला जाऊ? बघू दे सुनावणी कशी असते ती." आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसले. पेपराच्या वर फक्त टक्कल दिसत होतं.

पडद्यावर तक्रार निवारण अधिकारी बाई आल्या. केस घट्ट बांधलेले, समोर कागद. कलमकाकांनी खाकरून सुरुवात केली. ग्राहक म्हणजे काय, पुस्तक म्हणजे काय, वाचन म्हणजे काय. "मुळात वाचन ही क्रिया सिद्ध कशी करणार, हा कळीचा मुद्दा आहे," काका म्हणाले आणि पाणी प्यायले.

"अगदी बरोबर," अधिकारी बाई म्हणाल्या. "म्हणून आम्ही कुठल्या यंत्रावर वाचलं गेलं तेही तपासतो. यात एक जुना टॅब दिसतोय. तो कोण वापरतं?"

कोपऱ्यातला पेपर हलायचा थांबला.

आता साहेबांपुढे दोन वाटा होत्या. एका वाटेला त्यांची स्वतःची इभ्रत होती. बिल्डिंग होती, ऑफिस होतं, कॅशियरबाई होत्या, जबाबदारीने नमूद केलेलं ते ठळक वाक्य होतं. दुसऱ्या वाटेला खिडकीपाशी बसून हसणारे अण्णा होते.

"मी वापरतो," ते म्हणाले. "पुस्तक मीच वाचलं. सगळं. दोनदा."

कलमकाका त्यांच्याकडे असे वळले की खुर्ची करकरली. "तुम्ही? आणि माझे मुद्दे?"

"मला आवडलं होतं," साहेब तसेच रेटत म्हणाले. "आवडलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून तक्रार केली. चुकलं माझं. पण खातं बंद करू नका."

लेकीने तोंडावर उशी धरली. बायको मात्र नवऱ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी ती फार क्वचित बघायची.

अधिकारी बाईंनी कागद चाळले. "मेलमध्ये आपण म्हणता वाचलं नाही, आता म्हणता दोनदा वाचलं. मला खातरजमा करावी लागेल. साधा प्रश्न विचारते. खून कुणी केला?"

साहेबांचं धाबं दणाणलं. दोन प्रकरणांत त्यांना भेटलेली माणसं तीन. नायिका, पोलादी डोळे आणि...

"कुरिअरवाल्याने," ते म्हणाले.

कोपऱ्यात पेपर खसखसला.

"कसा केला?"

"पाकिटातून. म्हणजे, पाकिटाला विष लावलं होतं."

पेपर पुन्हा खसखसला, या वेळी जोरात.

"आणि का केला?"

"प्रेमापोटी," साहेब घाम पुसत म्हणाले. "त्याचं मनातून तिच्यावर प्रेम होतं. रोज पाकिटं टाकून टाकून..."

"चूक."

आवाज पेपराच्या मागून आला होता. ज्या आवाजाने एके काळी अख्खा वर्ग ताठ बसायचा, तोच हा आवाज. पेपर खाली आला.

"साफ चूक," अण्णा म्हणाले. "कुरिअरवाला एकदा येतो आणि जातो, त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही. खून नायकाच्या जुळ्या भावाने केला. विष नव्हतं. जिन्याची पायरी सैल करून ठेवली होती. आणि प्रेम नव्हतं, बंगला हवा होता. वाचलं नसेल तर वाचलं नाही म्हणावं. मनाची उत्तरं ठोकू नयेत."

आपण काय करून बसलो हे अण्णांच्या लक्षात आलेलं दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पण चुकीचं उत्तर समोरून जाऊ द्यायचं हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, ते आज कुठून जमणार.

"आपण कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी याचा बाप. पुस्तक मी वाचलं. एक दिवस पेपरच्या जागी ते उघडलं. बंद कसं करायचं ते कळेना, म्हणून वाचलं."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा चुका काढायला," अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "लिहून घ्या. नायकाचा जखमी हात आधी डावा आहे, होडीत बसल्यावर उजवा होतो. एकाच आठवड्यात दोनदा पौर्णिमा येते. बंगल्याला तळघर आहे असं नायिका स्वतःच सांगते आणि पुढे स्वतःच चकित होते. प्रत्येक पानावर पोलादी डोळे. मुलाला एकच विशेषण येत असेल तर मी त्याला निबंधात पास करत नाही. किंमत तर अवाच्या सवा आहे, ते याचं म्हणणं रास्त आहे. पण पूर्ण वाचलंय, तेव्हा पैसे परत मागायचा आम्हाला अधिकार नाही. खातं मात्र बंद करू नका. पोरगा खोटं बोलला, पण त्याला ते जमलं नाही, हे तुम्हीही पाहिलंत."

अधिकारी बाई काहीतरी लिहीत होत्या. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पुष्कळ सैल झाला होता. खातं चालू राहील, असं त्या म्हणाल्या, आणि चुका लेखिकेला कळवते असंही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पायरीचं तुम्हाला आधी कळलं होतं, सर?"

"पाचव्या प्रकरणात."

"मला शेवटपर्यंत नाही कळलं," बाई म्हणाल्या आणि पडदा बंद झाला.

कलमकाका उठले. "निदान वकिलाला तरी खरं सांगायचं असतं," एवढंच बोलून ते कोट सांभाळत निघून गेले. त्यांची समजूत काढायला साहेबांना पुढे दोन आठवडे त्यांच्याबरोबर पाणीपट्टीविरुद्ध लढावं लागलं, पण ते राहू दे. बायको चहाच्या निमित्ताने आत गेली आणि लेकीलाही बरोबर घेऊन गेली.

खोलीत दोघेच उरले. अण्णांनी पेपराची घडी घातली. मग पुन्हा उलगडून नीट घातली.

"खोटं का बोललास?"

"लोक तुम्हाला हसले असते, अण्णा."

"आणि तुला हसले असते ते?"

"मला सवय आहे. खिडकीवर रोजच कुणीतरी हसतं किंवा शिव्या देतं."

"तुझी आई असली पुस्तकं वाचायची," अण्णा म्हणाले. "वाचनालयातून आणायची. जेवायला बसलं की मला गोष्ट सांगायची. काल इथवर आलं होतं, आज असं झालं. मी म्हणायचो, काय हा फालतूपणा, मुकाट्याने जेव. पण ऐकत असायचो. सगळं ऐकायचो. आता कुणी सांगत नाही, तर स्वतःच वाचावं लागतं." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "दुपार फार मोठी असते रे."

या वेळी मात्र साहेबांना ऑफिसला उशीर होत नव्हता. ते खुर्ची ओढून अण्णांजवळ बसले. "मला म्हणायचं होतंत ना," ते म्हणाले.

"काय म्हणणार? गोष्ट सांग म्हणून?" अण्णांनी नाक ओढलं आणि खिशातून रुमाल काढला. "ते जाऊ दे. दुसरा भाग आलाय म्हणे. जुळा भाऊ तुरुंगातून पळतो."

"किंमत?"

"पहिल्यापेक्षा जास्त."

साहेबांनी मोबाइल उचलला आणि पिवळं बटण दाबलं. या वेळी किंमत आधी बघितली होती, तरी दाबलं.

"तूही वाचायचं आहेस," अण्णा म्हणाले. "मी प्रश्न विचारणार."

त्या संध्याकाळी साहेब दिवाणखान्यात वाचत बसले होते. डोळे पोलादीच होते, ओळी आठच होत्या. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आवाज आला.

"कुठवर आलास?"

"ती गच्चीवर गेलीये."

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. एकटीच."

"मग थांब, तू एकटा पुढे जाऊ नकोस," अण्णा म्हणाले आणि चष्मा हातात घेऊन बाहेर आले.